गाडी तापली की

गाडी बंद पडते तेव्हा आधी आवाज जात नाही, आधी मांड्यांखालची थरथर जाते. आमच्या व्हॅनचं इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली आहे, आपण त्याच्यावरच बसलेलो असतो, त्यामुळे काय झालं ते कानांच्या आधी अंगाला कळतं. मार्च संपत आला होता, दुपारची वेळ. पहाडगंजच्या शाळेतून मयूर विहारला घरी निघाले होते. निझामुद्दीनच्या पुलावर गर्दी जरा सुटली होती, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती, डावा पाय क्लचपासून लांब, खाली टेकवलेला. आणि थरथर गेली. मग आवाज गेला. मग पुढच्या काचेतून येणारं ऊन एकदम जास्त वाटायला लागलं. उरलेल्या वेगावर मी गाडी कठड्याकडे घेतली. मागचा बसवाला खिडकीतून डोकं काढून ओरडला, "मैडम, घर पे बैठा करो!" आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, इतका आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता. मी स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसले आणि मनात एकच वाक्य घोळवत राहिले, की माझा पाय क्लचवर नव्हता. पाय क्लचवर नव्हता, हात ठिकाणावर होते, डोकं ठिकाणावर होतं, आणि तरी गाडी बंद पडली. म्हणजे त्या दिवशीही ती अशीच बंद पडली होती. म्हणजे मी नव्हते.

त्या दिवशी, म्हणजे गेल्या वर्षीच्या मे महिन्यात, अण्णांचा फोन आला होता. माझे वडील. केंद्र सरकारच्या नोकरीत उभं आयुष्य दिल्लीत काढलं, आई गेल्यावर सरकारी क्वार्टरही गेलं, तेव्हा मुनिरक्यात एका चौधरींच्या घरात वरची खोली घेऊन राहिले. आजूबाजूला सगळी कॉलेजची पोरं, त्यांचे ते 'अंकलजी'. लेकीच्या घरी राहायचं नाही हा त्यांचा हट्ट. आमच्याकडे आले तरी रात्रीच्या आत परत जात. फोनवर म्हणाले, "नंदा, छातीत जरा जड वाटतंय. येतेस का गाडी घेऊन? घाई नाही." अण्णांनी 'घाई नाही' म्हटलं की घाई असते, हे आम्हा दोघी बहिणींना लहानपणापासून माहीत. मी होते त्या साडीवर निघाले. आणि याच पुलावर, थोडी पुढे, गाडी गेली. किल्ली फिरवली की इंजिन घरघरायचं, आता लागेल, आता लागेल असं वाटायचं, लागायचं नाही. उतरून हात केले; भर पुलावर कोणती रिक्षा थांबते? भरलेल्याच असतात, नाहीतर बघून न बघितल्यासारखं करतात. शशिकांतला, माझ्या नवऱ्याला, गुरगावच्या ऑफिसात फोन लावला. उचलला नाही. मीटिंग. पुन्हा किल्ली, पुन्हा घरघर. मग केव्हातरी ती आपोआप सुरू झाली, काहीच झालं नव्हतं अशी. मी मुनिरक्याला पोचले तेव्हा अण्णा जिन्याच्या खालच्या पायरीवर भिंतीला टेकून बसलेले होते, पायात बूट, लेसेस नीट बांधलेल्या. चौधरी रडत होते. म्हणाले, "मैंने तो कहा था, मैं ले चलता हूँ स्कूटर पे। बोले, नहीं, बेटी आ रही है गाड़ी लेके।"

गाडी घेऊन येत होते, हे खरंच होतं. पुण्याहून प्रभाताई आली, माझी थोरली बहीण. पहिले दोन-तीन दिवस आम्ही गळ्यात गळे घालून रडलो. मग तेराव्याच्या जेवणाला, दामू गुरुजी, चार शेजारी आणि शशिकांतच्या ऑफिसातली दोन माणसं पंगतीला असताना ताईने विचारलं, "नंदे, एवढा उशीर कसा गं झाला?" तिच्या विचारण्यात काही नव्हतं, माणूस गेल्यावर लोक विचारतात तसं. मी म्हटलं, "गाडी बंद पडली पुलावर." आणि शशिकांत, हातात श्रीखंडाचं पातेलं घेऊन वाढत होता तो, हसला. मोठ्याने नाही. म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं! अहो, हात बसलेला नाही हिचा अजून. गर्दी दिसली की घाबरते, क्लच सोडते, मग गाडी काय करणार? मी दुसऱ्याच दिवशी गॅरेजला दाखवली, ठणठणीत आहे." ऑफिसातल्या एकाने मान डोलावली. गुरुजींनी "ईश्वरेच्छा" म्हटलं. ताई पानातला भात कालवत राहिली. कालवत राहिली आणि जेवली नाही. तिथे माझं काहीतरी तुटलं. पुण्याला गेल्यावर तिचे फोन कमी झाले. एकदा फक्त म्हणाली, "तू सरळ टॅक्सी बोलवायचीस गं. येत नाही तर येत नाही म्हणावं." मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभी राहून शशिकांतच्या आवडीची कारल्याची भाजी केली, मुद्दाम कडू ठेवून. तेवढाच सूड तेव्हा सुचत होता.

सूड हा शब्द मी तोंडातल्या तोंडात पुष्कळदा म्हणून पाहिला आहे. लहान आहे, बोलायला सोपा आहे. शाळेत आठवीला विज्ञान शिकवताना, फळ्यावर आकृती काढताना, मोठमोठ्या कंपन्यांच्या गप्पा मारणाऱ्या शशिकांतसमोर भाकरी वाढताना, तो माझ्या जिभेखाली असायचा. आणि गंमत अशी की हा माणूस वाईट नाही असं सगळे म्हणतात. सरकारी नोकरी सोडून खाजगीत जायची हिंमत त्याने आमच्या सोसायटीत सगळ्यांच्या आधी केली. गुरगावला काचेच्या इमारती उठत होत्या तेव्हा हा तिथे चिखलातून ऑफिसला जायचा, याच व्हॅनमधून. व्हॅन घेतली तेव्हा धुराचे नवे नियम आले होते. "यात कॉम्प्युटर आहे, कॉम्प्युटर," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, जसा काही त्यानेच बसवला. मग बढती झाली, कंपनीने एसी गाडी दिली, आणि त्या दिवाळीत पाडव्याला मी ओवाळलं तर तबकात काही टाकेना. म्हणाला, "गॅलरीतून खाली बघ." खाली व्हॅन उभी, धुतलेली, झेंडूचा हार घातलेली. "आजपासून तुझी. आता बसचे धक्के बंद." सोसायटीतल्या बायका महिनाभर माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघत होत्या. मीही भुलले. गाडी शिकले, थंडीभर झकास चालवली. दिल्लीची थंडी, बोनेटवर दव, सीटखालची ऊब हवीहवीशी. एकदाही बंद पडली नाही. पहिल्यांदा बंद पडली ती मे महिन्यात, अण्णांच्या वाटेवर. मग उन्हाळाभर मी तिला हात लावला नाही, पुन्हा काढली ती थंडी पडल्यावर, आणि तेव्हा परत शहाण्यासारखी चालली. तेव्हा मलाही वाटलं होतं, खरंच, हात बसलेला नव्हता माझा. वर्षभर मी ते मानलं. याची चीड मला सर्वांत जास्त येते, त्याच्यापेक्षाही माझी.

मार्चमधल्या त्या दुपारी गाडी अर्ध्या तासाने आपोआप सुरू झाली. गॅरेजमध्ये नेली तर ठणठणीत. नेईपर्यंत थंड होते ना! डॉक्टरच्या दारात गेलं की ताप उतरतो त्यातली गत. मेकॅनिक म्हणाला, "मैडम, कुछ है ही नहीं, तेल अच्छा डलवाया करो." मी घरी आले आणि आठवीला जे शिकवते तेच स्वतःला शिकवलं. थंड असताना चालतं, तापल्यावर चालत नाही, पुन्हा थंड झालं की चालतं, असं काय असतं? शाळेच्या प्रयोगशाळेतला मल्टिमीटर पर्समध्ये घालून आणला. शशिकांत टूरवर जायचा ते शनिवार-रविवार माझे. खाली पार्किंगमध्ये सीट उचलली तर इंजिनाच्या पेटीवर घडी करून घातलेली एक जुनी गोधडी. शशिकांतनेच घातली होती, कधीकाळी. गुरगावच्या वाटेवर पार्श्वभाग भाजतो म्हणून साहेबांनी आईची गोधडी इंजिनावर अंथरली होती. कडा करपून काळ्या झालेल्या. इंजिनाला आधीच धग, त्यावर पांघरूण. मी ती बाजूला ठेवली आणि हातमोजे घालून कामाला लागले. आधी पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर बदलला. उपयोग झाला नाही, तो गरीब निर्दोष निघाला. मग एका शनिवारी गाडी उन्हात चालू ठेवली, बंद पडेपर्यंत. पडल्याबरोबर बघितलं. पेट्रोलचा पंप आवाज करत होता, ठिणगी मात्र येत नव्हती. म्हणजे ठिणगी पाडायची वेळ झाली हे कॉम्प्युटरला कुणी सांगतच नव्हतं. ते सांगणारा एक सेन्सर असतो, अंगठ्याएवढा, इंजिनाच्या मागच्या अंगाला नळ्यांच्या आड दडलेला. इंजिन किती फिरलं ते तो सतत कळवतो. तो दिसायलाच मला तीन रविवार लागले. काढून घरी आणला, मीटरला जोडला, काटेकोर बरोबर आकडा. मग केस वाळवायच्या ड्रायरने तापवला. आकडा चढत गेला, चढत गेला, आणि एकदम मीटर कोरं झालं. आतली तार तुटलेली. थंड असताना दोन टोकं एकमेकांना टेकून असायची, तापलं की प्रसरण पावून दूर व्हायची. उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात. दर वर्षी मी हे चाळीस पोरांकडून म्हणून घेते. बाथरूममध्ये ड्रायर हातात धरून मी रडले. मग बर्फ लावला, आकडा परत आला. पुन्हा तापवला. पुन्हा कोरं. किती वेळ हाच खेळ खेळत होते कोण जाणे.

नवा सेन्सर काश्मिरी गेटच्या बाजारात मिळाला. दुकानदाराने आधी माझ्या मागे बघितलं, "भाईसाहब नहीं आए?" मी म्हटलं, "भाईसाहब को क्लच का शौक है, सेंसर का नहीं।" तो उगाच हसला. बसवला, गोधडी काढून टाकली, आणि व्हॅन अशी पळायला लागली की एप्रिलच्या उन्हात मी मुद्दाम पुलावरून दोनदा गेले, तिथे गाडी हळू केली, थांबवली, चालू केली. काही नाही. खरं म्हणजे तिथे सगळं संपायला हवं होतं. दुसरी कुणी असती तर संध्याकाळी जेवताना सांगितलं असतं, बघ, गाडीतच दोष होता. त्यावर तो म्हणाला असता, "अच्छा! चला, बरं झालं," आणि बातम्या लावल्या असत्या. तेराव्याच्या पंगतीत सगळ्यांच्या देखत उडवलेला चिखल असा घरातल्या घरात पुसायचा? ते मला नको होतं. मला पंगत हवी होती. ताई हवी होती, गुरुजी हवे होते, आणि स्टिअरिंगवर तो हवा होता. आणि ते जमून आलं. अण्णांचं वर्षश्राद्ध मे महिन्यात. ताईची इच्छा अशी की ते मुनिरक्याच्या त्या खोलीतच व्हावं, आणि चौधरींनी रिकामी झालेली खोली एका दिवसासाठी उघडून द्यायचं कबूल केलं. तोच रस्ता, तेच ऊन. कंपनीची गाडी शशिकांतला सुट्टीच्या दिवशी मिळत नाही. मी आदल्या दिवशी खाली जाऊन नवा सेन्सर काढला, जुना बसवला, आणि गोधडी जिथे होती तिथे, नीट घडी घालून ठेवली. नवा सेन्सर पर्समध्ये टाकला. पुलावर सीट उचलून सगळ्यांसमोर तो बसवायचा, एवढंच राहिलं होतं.

सकाळी मी मनगटाला पट्टी बांधली. "मुरगळलंय, आज तू चालव." शशिकांत म्हणाला, "बरंच झालं, गुरुजींना वेळेवर पोचायचंय." मी डबे, दर्भ, काळे तीळ, केळीची पानं ठेवायला म्हणून आधीच खाली गेले आणि गाडी उन्हात चालू करून ठेवली, ताईचं आवरेपर्यंत ती चांगली तापली होती. ताई पुढे बसली, मी आणि दामू गुरुजी मागे. गुरुजी कुठल्याशा यजमानाच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीबद्दल बोलत होते, नोएडापलीकडे कशी माणसाच्या आधी लिफ्ट पोचते वगैरे. ताई काल रात्री आली तेव्हापासून माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होती. तिच्या मानेवरचे पिकलेले केस मी मागून बघत होते. मनात आलं, हिला एवढ्या उन्हात पुलावर उभं करायचं? आलं, आणि मी ते ढकलून दिलं. वर्षभर मी उभी आहे, हिने थोडा वेळ उभं राहावं. पूल लागला. गर्दी. गाडी हळू झाली, पुढे सरकली, थांबली, पुन्हा सरकली. शशिकांतच्या शर्टची पाठ भिजत चालली होती. मी श्वास रोखून धरला, परीक्षेच्या निकालाला धरतात तसा. आणि माझ्या पायांखालच्या पत्र्यातली थरथर गेली.

"अरे," शशिकांत म्हणाला. किल्ली फिरवली. घरघर. पुन्हा घरघर. मागून हॉर्न सुरू झाले. ताई म्हणाली, "काय झालं हो?" आणि मी, जे वाक्य वर्षभर घासून-पुसून ठेवलं होतं, ते मागच्या सीटवरून, गुरुजींना ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं. "नाचता येईना अंगण वाकडं. क्लच सोडलास का रे?" ताईने वळून माझ्याकडे बघितलं. गुरुजी खाकरले. झालं, मला वाटलं, मिळालं मला. आता तो चिडेल, गाडीला शिव्या देईल, कपाळाचा घाम पुसेल, आणि मग मी उठेन.

तो चिडला नाही. वैतागलेल्या माणसाने नेहमीचं काम करावं तसा तो उतरला. "ताई, उतरा जरा. गुरुजी, तुम्हीही या इकडे सावलीला. ती पाण्याची बाटली द्या बघू." ताईने प्रवासातली आपली बाटली दिली. त्याने सीट उचलली. गोधडी एका हाताने ओढून बाजूला फेकली. दुसरा हात सरळ मागे गेला, नळ्यांच्या आड, न बघता, जिथे पोचायला मला तीन रविवार लागले होते नेमका तिथे, आणि बाटली तिरकी करून त्याने बेताबेताने पाणी सोडलं. चर्र आवाज झाला, वाफ आली. अजून थोडं. बोटांनी चाचपून बघितलं. मग अर्धवट उभ्यानेच किल्ली फिरवली आणि इंजिन एका झटक्यात सुरू झालं.

"वा, साहेब!" गुरुजी म्हणाले.

"जुनं दुखणं आहे हो," शशिकांत रुमालाने हात पुसत, खूश होऊन म्हणाला. "गुरगावला जायचो तेव्हा उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा ठरलेलं. धौला कुआँला एका टॅक्सीवाल्याने दाखवलं होतं. तिथे एक सेन्सर आहे, तो तापतो. गार पाणी मारलं की दोन मिनिटांत काम होतं."

मी कठड्याला धरून उभी होते. दोन मिनिटं. माझ्या गाडीत त्या दिवशी डब्याच्या पिशवीत पाणी होतं, शाळेची बाटली, भरलेली. मी त्यातलं थोडं प्यायले होते, तोंडावर मारलं होतं. पर्समध्ये नवा सेन्सर होता तो मला आता पाळण्यातल्या खेळण्यासारखा वाटला. कसला सूड आणि कसलं काय! मी त्याला खोटं पाडायला निघाले होते, तो तर खरं सांगत होता, दात काढून, रुमालाने बोटं पुसत.

ताईने विचारलं, अगदी हळू, "हे तुम्हाला केव्हापासून माहीत होतं, शशिकांत?"

"व्हॅन नंदाला दिली त्याच्या आधीचा उन्हाळा असेल."

"आणि नंदाला सांगितलं होतंत?"

हॉर्न वाजत होते. "सांगायचं काय त्यात... ती घाबरट. सांगितलं असतं तर गाडीला हातच लावला नसता तिने. म्हटलं, चालवेल, शिकेल. पुढे करून घेऊ." आणि मग बहुधा त्याच्या लक्षात आलं, कारण तो माझ्याकडे न बघता घाईघाईने सीट खाली बसवायला लागला.

"तेराव्याला तुम्ही वाढत होतात," ताई म्हणाली. "तेव्हाही माहीत होतं."

गुरुजींनी उपरण्याने तोंड पुसलं आणि नदीकडे बघायला लागले. ताई माझ्याजवळ आली. तिचा हात घामाने ओला होता, तिने माझं पट्टी बांधलेलं मनगट धरलं, घट्ट, दुखत नाही हे तिला माहीत असल्यासारखं. "कुठे होतीस गं तू त्या दिवशी?" मी बोटाने दाखवलं, पुढच्या दिव्याच्या खांबापाशी. ती त्या खांबाकडे बघत राहिली. मग तिने मागचं दार उघडून श्राद्धाची पिशवी काढली, केळीची पानं काढली, एक डबा गुरुजींच्या हातात दिला आणि पुलाच्या कडेने मुनिरक्याच्या दिशेने चालायला लागली, या वयात, त्या उन्हात. गुरुजी चपला फटफटवत तिच्या मागे.

"अरे, पायी कुठे? बसा ना," शशिकांत ड्रायव्हरच्या सीटवर चढत ओरडला. "लवकर बसा, पुन्हा तापेल!" त्याने माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर मी वर्षभर जे बघायला तडफडत होते ते सगळं होतं, लाज होती, भीती होती, आणि मला त्यातलं काहीच पुरेसं वाटलं नाही. अण्णा बुटांच्या लेसेस बांधत होते तेव्हा हा माणूस कुठल्यातरी मीटिंगमध्ये बसून गार पाणी पीत असणार. मी खिडकीतून आत हात घातला, इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून घेतली.

"आता घाल पाणी," मी म्हटलं, आणि ताईला गाठायला भरभर चालायला लागले.